आठ जणांचं गोल तिकीट

२३ एप्रिल. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायचं काम आज काढलं. गच्चीवर चादर पसरून बसले, दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत तेलकट झाले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. धाकट्या जाऊबाई होत्या. पुढच्या महिन्यात नागपूरला लग्नाला जायचं आहे. त्यांचं म्हणणं, सगळ्यांची तिकिटं एकत्रच काढू, म्हणजे स्वस्त पडेल आणि बरोबरही राहू. मी म्हटलं, खुशाल काढा, फक्त माझं तेवढं वेगळं काढा. त्यांना ते लागलं. मोठ्या जावेला आपली सोबत नको असं त्यांनी धरलं असणार, आणि फोनवर, तेलाच्या हातांनी, खुलासा करत बसण्याची माझी तयारी नव्हती. तो खुलासा इथे करते. तसंही दहावीनंतरच्या त्या सुट्टीबद्दल कधीतरी लिहायचंच होतं.

आमचं घर सातपूरच्या कामगार वसाहतीत होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. शेजारच्या गल्लीत काका-काकू राहायचे, पण चूल सोडली तर सगळं एकच होतं. वसाहतीचा दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की घरोघरचे स्टोव्ह फरफरायला लागायचे, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला बायका दळण आणायला निघायच्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. अंगाला कटिंग ऑइलचा वास कायम, आणि हाताच्या रेघांमधली काळी घाण साबणाने जायची नाही. साबण वापरायचा तरी किती. जुन्या वडीचा चपटा तुकडा नव्या वडीवर दाबून बसवल्याशिवाय नवी वडी वापरायला काढायची नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. वाटीतली चटणी संपली की वाटीत पाणी फिरवून ते आमटीत जायचं. आई रात्रीच्या भाकरीचा सकाळी कुस्करा करायची, लसूण आणि लाल तिखटाची फोडणी देऊन, आणि तो इतका चांगला व्हायचा की भाकरी मुद्दाम उरवतात की काय अशी मला शंका यायची. गरिबी म्हणावी अशी नव्हती. दादांना काहीही वाया गेलेलं सहन व्हायचं नाही, एवढंच. कारखान्यात ते लोखंडाचा कीस झाडून वेगळा ठेवायचे, घरी साबणाचा आणि भाकरीचा.

त्यांना नाद एकच होता, रेल्वेचं वेळापत्रक. दुसरे लोक संध्याकाळी पोथी वाचतात तसे हे वेळापत्रक वाचायचे, मोठ्याने. मनमाडला कोणती गाडी कोणत्या गाडीला मिळते, दौंडला इंजिन फिरवतात त्यात किती वेळ जातो. आई भाकरी थापता थापता हूं हूं करायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. आम्ही चारही मुलं, म्हणजे मी, माझा भाऊ आणि काकांच्या दोन मुली, बारा वर्षांच्या पुढे गेलो आणि अर्ध्या तिकिटाची सोय संपली. दादांना हा जवळजवळ अपमान वाटला. त्यानंतर वेळापत्रकाच्या मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरांत त्यांना गोल तिकीट सापडलं.

गोल तिकीट म्हणजे असं. ज्या स्टेशनावरून निघायचं तिथेच परत यायचं, पण दुसऱ्या रस्त्याने. नाशिकरोडहून मनमाड, मनमाडहून नगर, दौंड, मग पुणे, कल्याण आणि परत नाशिकरोड. लांबचा प्रवास एकदम धरला की मैलामागे भाडं कमी पडतं, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने तिकिटं काढण्यापेक्षा हे बरंच स्वस्त. वाटेत ठरावीक वेळा उतरून मुक्काम करायची मुभा. आणि आमच्या सुदैवाने म्हणा दुर्दैवाने म्हणा, या गोलावरच्या प्रत्येक मोठ्या स्टेशनापाशी आमचं कोणी ना कोणी राहत होतं. मनमाडला आईची मावशी, नगरला आत्या, दौंडला काकूंचं माहेर, पुण्याला मामा, कल्याणला दादांचे चुलतभाऊ. त्यातून त्या वर्षी अधिक महिना आला होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं असतं, धोंडे आणि अनारसे करून, त्यामुळे सगळीकडून आमंत्रणं होतीच. दादांनी रेल्वेकडे अर्ज केला, मंजुरी आली, आणि एक दिवस ते नाशिकरोडहून हातरुमालाएवढं तिकीट घेऊन आले. कार्बनच्या निळ्या अक्षरांत सगळी गावं ओळीने लिहिलेली, आणि खाली माणसं आठ. आठ जणांचं मिळून एकच तिकीट. ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्याच पिशवीत माझी दहावीची गुणपत्रिका ठेवली. प्रत्येक घरी ती दाखवायची होती.

या गुणपत्रिकेचीच पुढची गोष्ट आहे. मी तंत्रनिकेतनात अर्ज केला होता, मेकॅनिकलच्या डिप्लोमासाठी. वसाहतीतल्या मुली एक तर शिवणक्लासला जायच्या नाही तर कॉमर्सला. मला मात्र लहानपणापासून दादांच्या डब्याबरोबर गेटपर्यंत जाऊन आतले आवाज ऐकायची सवय लागली होती, आणि गेटच्या आत जायचं होतं. तिकीट हातात पडल्यावर चार दिवसांनी कॉलेजच्या फळ्यावर मुलाखतीची तारीख लागली. शुक्रवार, सकाळी दहा. मूळ गुणपत्रिकेसह स्वतः हजर राहायचं, हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. माझं नाव यादीच्या शेवटच्या टोकाला होतं, म्हणजे पुढची फेरी वगैरे माझ्यासाठी नव्हती. दादांनी वेळापत्रक उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, बुधवारी रात्री आपण घरात असू, गुरुवार हाताशी राहतो. त्यांनी शिकण्याला कधी विरोध केला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. विरोध केला असता तर भांडता तरी आलं असतं.

निघताना रिक्षा नाही. आठ जण, चार पिशव्या, एक ट्रंक आणि कांद्याची गोणी घेऊन आम्ही सिटी बसने निघालो. द्वारकेच्या नाक्यावर बस बदलताना गोणीचं तोंड सुटलं आणि काकू भर चौकात कांदे गोळा करत फिरल्या, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. हे कांदे काकांनी विंचूरच्या बाजारातून आणले होते, घरोघरी द्यायला. मनमाडला आणि नगरला कांदे घेऊन जाणं म्हणजे काय ते नाशिकच्या माणसाला समजावून सांगायला नको. मनमाडच्या मावशीआजींनी गोणी पाहिली, मग स्वतःच्या पडवीतली कांद्याची रास पाहिली.

गाडीत बसल्यावर पहिले काही तास बरे गेले. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कैरीचा तक्कू होता. पण एका तिकिटावरचे आठ जण म्हणजे एकमेकांना बांधलेले आठ जण, हे मला मनमाडलाच कळलं. एकाला लघवीला जायचं तर सगळे थांबणार. चुलतबहिणीची चप्पल तुटली तर सगळे चांभारापाशी उभे. उतरलं की दादा स्टेशनात जाऊन तिकिटावर मुक्कामाची नोंद करून सही घेणार, आणि तोवर आम्ही सामानावर. त्यांना त्या सह्यांचा फार आनंद व्हायचा. एका मुक्कामावरून लवकर निघू असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, थांबायची मुभा दिलीय ना, तिचे पैसे त्यात धरलेत, नाही थांबलो तर फायदा रेल्वेचा. मावशीआजींनी एक दिवस जास्त ठेवून घेतलं. नगरला आत्याने आम्ही पोचल्या पोचल्या पुरण शिजत टाकलं होतं, ते खाऊन संध्याकाळची गाडी मिळेना, तो दिवस गेला. प्रत्येक घरी आम्ही आठ जण, म्हणून प्रत्येक घरात काहीतरी घेऊन जायचं: नाशिकचा चिवडा, पेढे, पोरांना खाऊ, बाईला ब्लाउजपीस. आई पिशवीतून एकेक काढायची आणि तिचा चेहरा उतरत जायचा. तिकिटावर वाचलेलं सगळं ब्लाउजपिसांत गेलं, असं ती नगरच्या स्टेशनावर काकूंना हळूच म्हणाली. दादांना ऐकू गेलं असावं, कारण ते मुद्दाम दूर जाऊन वजनकाट्यापाशी उभे राहिले.

आणि प्रत्येक घरी ती गुणपत्रिका निघायची. चहा झाला की दादा प्लॅस्टिकची पिशवी काढायचे, आधी तिकीट दाखवायचे, मग गुणपत्रिका. लोक तिकिटाबद्दल जास्त विचारायचे. माझ्या हातावर पास झाल्याचे म्हणून कोणी पाच, कोणी दहा ठेवायचं. एरवी ते पैसे आईच्या बटव्यात जमा व्हायचे. या वेळी मी ते दिले नाहीत आणि तिनेही मागितले नाहीत.

दौंडला आम्ही मंगळवारी पोचलो. वेळापत्रकाप्रमाणे तेव्हा आम्ही कल्याणला असायला हवे होतो. काकूंचे वडील रेल्वेतूनच निवृत्त झालेले, मोठा गोतावळा, आणि काका त्या घरचे एकुलते एक जावई. मला वाटलं होतं, रात्र काढून सकाळी निघू. पण काकूंच्या आईने अनारशाचं पीठ भिजवून ठेवलेलं होतं आणि वाण बुधवारी दुपारी द्यायचं ठरलं होतं. चांदीच्या निरांजनासकट तेहतीस अनारसे. जावयाने वाण न घेता घर सोडायचं नाही. बरं, वाण काकांना, धोंडे काकांना, पण तिकीट एक, त्यामुळे थांबणार आठही जण. बुधवारी सकाळपासून त्या घरात तुपाचा वास कोंडला होता. काका नव्या टोपीत पाटावर बसले होते आणि घामाने भिजत होते. पुरण भरलेले धोंडे ताटात आले, वर तूप, आणि आग्रह सुरू झाला. "जावईबापू, एक अजून, वर्षाचा नाही, तीन वर्षांचा सण आहे." काका आमच्याकडे केविलवाणे पाहत होते. मला त्यांची दया आली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि मनात मोजत होते की गुरुवारी निघून, पुण्याला मामाकडे एक मुक्काम करून, शुक्रवारी दहा वाजता नाशिकला कसं पोचायचं. कसंही मोजलं तरी पोचता येत नव्हतं.

जेवणं आटोपली, पुरुष ओसरीवर आडवे झाले, तेव्हा मी दादांपाशी गेले. म्हटलं, पुण्याला आणि कल्याणला न उतरता उद्या सरळ नाशिकला जाऊ. ते उठून बसले. दोन मुक्काम सोडायचे, या कल्पनेनेच त्यांना त्रास झाला. एवढ्यात आई आली, पदराला हात पुसत. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, पुण्याला उतरल्याशिवाय मी येणार नाही. मामाने नवी खोली घेतली होती, ती आईने पाहिली नव्हती. लग्नानंतर ती भावाकडे किती वेळा गेली ते एका हाताच्या बोटांवर सांगता आलं असतं. आता या वयात मला तिचं बरोबर वाटतं. तेव्हा मला फक्त संताप आला, कारण तिचंही खरं होतं आणि माझंही, आणि दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच कागदावर बांधून ठेवलेल्या होत्या.

मग मी म्हटलं, मी एकटी परत जाते. आलो त्याच रस्त्याने, मनमाडवरून. घराची दुसरी किल्ली शेजारी शमीमचाचींकडे आहे, रात्री त्यांच्याकडेच झोपेन.

"आलो त्याच रस्त्यानं?" दादा म्हणाले. "मग गोल काढलं कशाला?"

"तुम्ही गोल जा. मी सरळ जाते."

"अगं, तिकिटावर आठ हायेत. सात दिसले तर टीसी आठवा कुठं म्हणून विचारील. सगळ्यांना खाली उतरवील."

"माणसं जास्त असली तर उतरवतील, कमी असली तर का उतरवतील?"

"तुला काय माहीत? लय कायदे असतात त्यांचे." आणि मग, जरा मऊपणाने, "मी येतो ना तुझ्याबरोबर कालेजात. साहेबांना सांगू, गाडी उशिरा आली. तिकीट दाखवू, सगळ्या सह्या हायेत त्याच्यावर."

त्यांना खरंच असं वाटत होतं. सह्या असलेलं तिकीट दाखवलं की कॉलेजचा साहेब उठून उभा राहील आणि गेलेली जागा परत देईल. त्यांच्या कारखान्यात उशीर झाला तर गेटपास दाखवून आत घेत, त्यामुळे सगळं जग असंच चालतं अशी त्यांची समजूत होती. काका ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पोटावर हात ठेवून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "जाऊ दे ना दादा पोरीला. मी पण गेलो असतो तिच्याबरोबर, पण मला आता उठवत नाही." काकूंच्या वडिलांनी तरण्याताठ्या मुलीने एकट्याने प्रवास करण्यावर थोडं भाषण केलं. दिवसाची गाडी आहे, बायकांचा डबा आहे, हे मी सांगितलं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. चहाची वेळ झाली आणि विषय तिथेच पडला. एवढ्या माणसांत कुठलीही गोष्ट अशीच संपायची. निर्णय कोणी घ्यायचा नाही, आणि गाडीची वेळ टळली की निर्णय झालाच.

मुलाखतीला मी पोचले की नाही, हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पोचले, जागा मिळाली, आणि सातपूरच्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग तपासत माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. लोक विचारतात, त्या काळात वडिलांनी प्रोत्साहन दिलं का. मी हो म्हणते. ते खोटं नाही. पण प्रोत्साहन देणारा माणूस एका कागदापायी मुलीची जागा घालवायला बसू शकतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही, हेही खरं आहे. माणसं फार मोठ्या गोष्टींसाठी अडवत नाहीत. अडवतात ती अशाच, आधी पैसे भरून झालेल्या गोष्टींसाठी.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आंघोळ केली आणि वेणी घालून तयार झाले. दादा मागच्या अंगणात मशेरी लावत होते. त्यांच्या उशाशी प्लॅस्टिकची पिशवी होती, ती मी उचलली. आई अंथरुणांच्या घड्या घालत होती. तिने पाहिलं.

"परत आणून दे मात्र," ती म्हणाली.

स्टेशन पायी जाण्याएवढंच लांब होतं. पुलावरून जाताना खाली मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आपटत होते. तिकीट तपासनिसांच्या खोलीत एक जाडसे गृहस्थ बशीतून चहा पीत होते. मी तिकीट पुढे केलं आणि म्हटलं, यातलं एक माणूस इथून पुढे येणार नाही, तसं लिहून द्या. त्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं, असलं तिकीट बऱ्याच दिवसांनी बघतोय म्हणाले, कोण येणार नाही ते विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यांनी आठवर आडवी रेघ मारली, शेजारी सात लिहिलं, मागे एक ओळ लिहून सही केली, शिक्का मारला. बशीतला चहा निवायच्या आत सगळं झालं. मी उभी राहून शाई वाळू दिली.

घरी आले तेव्हा दादा ओसरीवर चहा घेत होते. गुणपत्रिका मी आधीच काढून माझ्या पिशवीत ठेवली होती. तिकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, खोडलेला आकडा पाहिला, मागची ओळ वाचली, सही बोटाने चाचपली. काकूंच्या आईने तेवढ्यात माझ्या पिशवीत उरलेले अनारसे कोंबले.

"एका माणसाचे पैसे परत देतात का, विचारलंस का?" दादांनी विचारलं.

"विचारलं. नाही देत."

"हं," ते म्हणाले, आणि तिकिटाची घडी घालून पिशवीत ठेवली. "मनमाडला पूल ओलांडून जा. पलीकडच्या फलाटावर लागती नाशिकची गाडी. खालून रूळ ओलांडू नको."

मी आईच्या आणि त्यांच्या पाया पडले, परत स्टेशनावर गेले, हातावर मिळालेल्या पैशांतून नाशिकरोडचं एका माणसाचं तिकीट काढलं आणि बायकांच्या डब्यात खिडकीपाशी बसले.